लासूरची सायकल

माझे वडील गेल्याची खबर घेऊन गावाकडचा माणूस सायकलवर आला, तेव्हा शेजारच्या विश्वनाथअप्पांनी आधी त्याच्या सायकलचं पुढचं चाक उचलून फिरवलं. मग म्हणाले, "लई वाईट झालं." हे वडलांबद्दल होतं की चाकाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही.

अप्पा वाळूजला एका कारखान्यात फिटर. आमचं सारं बजाजनगर फटफटीवर उडायचं, अप्पा सायकलवर. चाक फिरवून सोडलं की दर वेळी हवेच्या व्हॉलची जड बाजूच खाली येते, याचा त्यांना मनस्ताप. मग व्हॉलसमोरच्या आऱ्यांना तांब्याची तार गुंडाळत बसायचे, चाक कुठंही थांबायला लागेपर्यंत. "एका अंगाला वजन असलं का चाक उड्या मारतं. माणसाचंबी तसंच." हे तत्त्वज्ञान न विचारता गल्लीतल्या सगळ्या सायकलींवर चालायचं. दूधवाला तर सायकल कोपऱ्यावर लपवून पायी यायचा.

अप्पांची बायको कधीच वारली होती. एकुलती लेक सुमन लासूर स्टेशनला दिलेली. सासर पैसेवालं, आणि गुर्मी पैशापेक्षा जास्त. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही आमच्याकडची रीत. सुमनला मूल नव्हतं. मग जावं तर कोणत्या निमित्तानं? पण ती बालवाडीत शिकवायला सायकलनं जायची, आणि तिच्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला अप्पा दर महिन्याला हजर.

एकदा मीही सोबत गेलो. अप्पा भर उन्हात अंगणात बसलेले, सासरे ओसरीवर चहा पीत. "तुझा मिस्त्री आला गं," ते सुनेला म्हणाले.

सुमन चाक धरायला शेजारी बसली.

"वाळलीस, माय."

"नाय अप्पा. बरी हाय मी."

चाक सरळ झालं. सुमन आत गेली, तसं अप्पांनी इकडंतिकडं बघितलं आणि चावीनं दोन आरे ढिले केले.

"अप्पा, हे काय?"

"पुढच्या महिन्यात यायला नको का?"

यंदा जावयानं सुमनची बालवाडी सोडवली, सायकल विकून टाकली. वर निरोप धाडला की आता तुम्ही तसदी घेऊ नका.

परवा अप्पा माझ्या पायरीवर येऊन बसले.

"घरात आणखी काय काय बिघडतं हो," त्यांनी विचारलं, "ज्याला बापानंच जावं लागतं?"

बिघडतं पुष्कळ. पण त्यासाठी सासरचे बापाला बोलवत नाहीत, हे त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं?