कार्यालयीन कुंकू

मोहिनीला ओळखायला हजेरीच्या मशीननं साफ नकार दिला. "चेहरा जुळत नाही," असं ते गोड बायकी आवाजात म्हणालं आणि मागं उभ्या असलेल्या सगळ्या कचेरीनं एकदम छताकडं पाहिलं.

एरवी मशीन उदार होतं. शिपाई गोटीरामचा तंबाखूनं फुगलेला गाल त्याला चालायचा. हेडक्लार्क यादवसाहेब रविवारी केस काळे करून आले, तर घरचं कुत्रं भुंकलं, पण मशीननं सोमवारी त्यांना बिनतक्रार हजर धरलं. मोहिनीचा फोटो मात्र श्रावणातला होता, कपाळावर रुपयाएवढं कुंकू असतानाचा. दिवाळीच्या आधी तिचा नवरा मनोज गेला. रजा संपवून आज ती पहिल्यांदाच कामावर आली होती, मोकळ्या कपाळानं.

"साहेब, माझा नवा फोटो घ्या ना."

"घेऊ की! अर्ज द्या. पण अर्ज हजर कर्मचाऱ्याचाच घेता येतो, आणि मशीनच्या मते तुम्ही आलेल्याच नाही. असंच चाललं तर बिनपगारी लागतं आपोआप. माझ्या हातात काही नाही, मॅडम." यादवसाहेबांच्या हातात चहा होता.

घरात सासू, घरामागं झेंडूचं अर्धं वावर आणि पगार काय तो मोहिनीचा. ती तशीच मशीनपुढं उभी राहिली.

सगळ्यांच्या मनातलं शेवटी गोटीराम बोलला. "बाई, राग नका मानू. मशीन कुंकू शोधतंय."

कुणीतरी पर्समधून टिकली काढून दिली. ती लावून मोहिनी मान खाली घालून उभी राहिली. "चेहरा जुळत नाही."

"एवढीशी टिकली त्याला काय दिसणार?" असं म्हणत गोटीराम फाटकापाशी गेला आणि तिथल्या मारुतीचा शेंदूर पानावर घेऊन आला.

"मारुतीला विचारलंस का रे?" यादवसाहेब म्हणाले.

"तो ब्रह्मचारी माणूस, साहेब. त्याला यातलं काय कळतंय?"

मोहिनीनं शेंदूर बोटावर घेतला. बोटाला जागा पाठ होती. तेलकट शेंदूर नाकावर ओघळतो की काय म्हणून तिनं मान वर करून मशीनच्या काचेत पाहिलं. काचेतली बाई ओळखीची वाटली.

"हजर. आपला दिवस शुभ असो."

पुढं गल्लीत काय होणार याची यादवसाहेबांना कल्पना असावी. त्यांनी लगेच एक पत्र टाइप करून दिलं: 'सदर कुंकू केवळ कार्यालयीन कामकाजापुरते लावण्यात आले आहे.' खाली सही आणि गोल शिक्का.

तेलातला शेंदूर काही धड निघाला नाही. गल्लीच्या तोंडाशीच शेजारच्या नवसाबाई उभ्या होत्या.

"अगं बये! हे काय गं कपाळाला?"

"सरकारी आहे, मावशी." मोहिनीनं पत्र पुढं केलं.

नवसाबाईंना अक्षर लागत नव्हतं, पण शिक्का लागत होता. "सरकारनं लावलं म्हणल्यावर आपण काय बोलणार बाई! सांगतील ते करावंच लागतं."

रात्रीपर्यंत गल्लीची समजूत पटली. पिढ्यानपिढ्या कुणाच्या बापाला न जुमानणारी रीत एका रबरी शिक्क्यापुढं गप्प बसली. सासूनं, सखुबाईंनी, सुनेच्या कपाळाकडं बघत ताटात भाकरी वाढली.

मोहिनीनं कचेरीच्या कपाटात कुंकू ठेवलं. सुरुवातीला ती ते कचेरीतून निघतानाच पुसायची. मग बसमधून उतरल्यावर पुसू लागली, मग गल्लीच्या कोपऱ्यावर. पुढं पुढं विसरू लागली.

संक्रांतीनंतर नव्या फोटोची परवानगी आली आणि मशीन दुरुस्त करणारा मयूर पिशवी घेऊन हजर झाला.

"कुंकवासकट घेऊ, ताई, की पुसताय?"

मोहिनी थबकली. "मशीनला काय लागतं?"

"मशीनला? त्याला कपाळाशी काही घेणंदेणं नाही. ते डोळे धरतं. त्या दिवशी तुम्ही खाली बघत असणार."

मोहिनीनं वळून पाहिलं. यादवसाहेब खिडकीच्या काचेत केसांची मुळं तपासत होते. "हे साहेबांना सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही."

"मग नका सांगू," ती हळूच म्हणाली. "आणि घ्या, कुंकवासकट."

घरी सखुबाई ओसरीवर झेंडू निवडत बसल्या होत्या. "झाला फोटू?"

"झाला."

"मंग आता लावायला नको."

"लावावंच लागेल म्हणाले, आई. कायमचं." बोलताना मोहिनीची मान मात्र खाली गेली.

सखुबाईंनी हातातलं फूल टोपलीत टाकलं. त्यांचं कपाळ कोरं झालं तेव्हा मनोज पाळण्यात होता.

"मला बी लाव जरा," त्या म्हणाल्या. "उद्या रेशनला जायचंय. तिथं बी मशीन हाय."

"आई, ते मशीन चेहरा नाही बघत. अंगठा बघतं."

सखुबाईंनी आपला अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि सुनेपुढं धरला.

"मंग अंगठ्याला लाव. तिथून वर कुठं न्यायचं, ते माझं मी बघते."