मांडवकरांची तारीख

आमच्या ऑफिसात मांडवकरांसमोर 'आत्ता', 'उद्या', 'लवकरच' हे शब्द काढायची सोय नव्हती. चहावाला "आत्ता आणतो" म्हणाला की हे चष्म्यावरून बघत विचारायचे, "आत्ता म्हंजे किती वाजता? आकड्यात सांग." मग चहा हमखास उशिरा यायचा.

हे खूळ कॉम्प्युटरने लावलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रत्नागिरीतल्या आमच्या बागायतदार संघात ते यंत्र आलं आणि सभासदांच्या जन्मतारखा भरायचं काम मांडवकरांच्या गळ्यात पडलं. त्यांनी आपलं लोक सांगतील तसं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं : 'शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी', 'गणपतीत', 'पंधरा मे'. मशीनने सगळं निमूट गिळलं. पण साठीच्या पुढचे सभासद किती, असं विचारल्यावर ते ढिम्म! मुंबईहून आलेला इंजिनियर म्हणाला, "ही नुसती अक्षरं आहेत. तारीख म्हणून आकडे द्या, तरच ते वय मोजेल."

झालं. मांडवकरांना मंत्रच मिळाला. "अक्षरं मोजता येत नायत, तारीख मोजता येते," असं ते येईल त्याला ऐकवू लागले.

भाटे गावचे एक म्हातारे बागायतदार त्यांच्या तावडीत सापडले.

"आजोबा, जन्म कधीचा?"

"फणस पिकले होते तेव्हाचा."

"फणस मशीनला चालत नाय."

"मग काय, आंबा चालतो?"

शेवटी शाळेचा दाखला निघाला. त्यावर एक जून. बहुतेकांच्या दाखल्यावर गुरुजींनी एक जूनच ठोकून दिलेला. मांडवकर हैराण. "अर्धा तालुका एकाच दिवशी जन्मला? त्या सुईणीचे काय हाल झाले असतील!"

मांडवकर एकटे. गाव देवरूखच्या पलीकडे, जेवण खानावळीत. आईबापामागे थोरल्या भावाने त्यांना वाढवलं, शिकवलं. मुंबईतली गिरणी बंद पडल्यापासून तो भाऊ मात्र इकडे फिरकला नव्हता.

एके दिवशी गावचा एक माणूस मुंबईहून परतताना ऑफिसात डोकावला आणि मांडवकरांना म्हणाला, "बाबल्या, तुज्या दादानं निरोप दिलान. येतो म्हणून सांगितलान."

आम्ही सगळे हातातलं काम टाकून बघत राहिलो. आता हा बिचारा सुटत नाही! एकाने तर कॅलेंडरसुद्धा पुढे सरकवलं.

मांडवकरांनी त्याला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. चहा सांगितला. पोऱ्या "आत्ता आणतो" म्हणाला, तर नुसते "आण" म्हणाले. मग हळूच विचारलं, "बरा हाय ना तो? जेवतो ना नीट?"

कधी येणार, ते विचारलंच नाही.

पाहुणा गेल्यावर मी म्हटलं, "काय मांडवकर, आज आकड्यात नाही विचारलंत?"

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "मागं तारखा कळवल्यान त्यानं. दर वेळी मी स्टँडवर जाऊन उभा, शेवटची गाडी येईस्तोवर."

 

चष्मा चढवून ते म्हणाले, "तारीख उलटून जाते हो. 'येतो' उलटत नाय. ते अक्षरांतच ऱ्हाऊ दे."