मीटरला कुलूप

अप्पांनी पाण्याच्या मीटरला कुलूप लावलं, एवढंच खरं तर घडलं होतं. बाकीचं सगळं त्याच्यामागून आपोआप येत गेलं.

गल्लीतली जुनी लोखंडी पाइपलाइन इतकी गंजली होती, की नळाला पाणी येतं की गंजच पातळ होऊन येतो, यावर वाद झडत. शेवटी पाणीखात्याने गल्ली उकरली, नवे निळे पाइप टाकले आणि घरोघरी चकचकीत मीटर बसवले. सगळी गल्ली खूश झाली. अप्पा सावध झाले. (त्यांची उभी नोकरी विमा कचेरीत दावे तपासण्यात गेली होती. कुठे आग लागली की बाकीचे लोक बादली शोधायचे, अप्पा काडेपेटी शोधायचे.)

पाणी सोडायच्या दिवशी खात्याची गाडी भोंग्यावरून ओरडत गेली, "सगळे नळ तासभर उघडे ठेवा! पाइपातली माती-कचरा वाहून जाऊ द्या!"

"बघितलंस?" अप्पा बायकोला म्हणाले. "काल मीटर बसवलं आणि आज म्हणतात नळ सोडून बसा. अगं, माती नाही, आपला खिसा वाहून जायचाय!"

"अहो, पण सगळी गल्ली सोडतेय."

"म्हणूनच!"

त्यांनी घरातला एकूण एक नळ करकचून आवळला. मग मीटरवर पत्र्याची पेटी बसवून तिला कुलूप ठोकलं आणि किल्ली दोरीत ओवून गळ्यात अडकवली. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

थोडे दिवस पाणी बरं आलं. मग धार बारीक होत होत करंगळीएवढी झाली, आणि पुढे नुसतीच ठिबकायला लागली. अप्पा रोज सकाळी घरभर हिंडून सगळे नळ उघडत आणि एखाद्यातून तरी येईल म्हणून तसेच सोडून ठेवत. शेजारी टेलरमास्तरांकडे मात्र गच्चीपर्यंत पाणी उसळत होतं.

"मीटरच्या तोंडाशी जाळी असते म्हणे," बायको म्हणाली. "तिच्यात कचरा अडकला असेल. खात्याच्या माणसाला बोलवा ना."

"जाळी साफ करायला म्हणून येईल आणि मीटर जोरात पळवून जाईल! मी जिवंत असेपर्यंत त्या पेटीला कुणी हात लावायचा नाही."

"मग पाणी कुठून आणू?"

"येईल, येईल."

ते येईपर्यंत ती मास्तरांकडून बादल्या भरून आणू लागली. आता हे मास्तर म्हणजे अप्पांचे एकुलते एक मित्र. (एवढ्या संशयी माणसाला दुसरा कोण टिकणार?) दोघांचे केस काळे होते तेव्हापासून रोज संध्याकाळी मास्तरांच्या कटिंगच्या टेबलावर बुद्धिबळाचा डाव पडायचा. अप्पांचा उंट मारायची वेळ आली तरी मास्तर आधी 'माफ करा हं' म्हणायचे. अप्पांचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात बाकड्यावर झोपले होते तेही मास्तरच.

पण हल्ली काहीतरी बिनसलं होतं. बायको बादली घेऊन गेली की मास्तरांशी हळू आवाजात बोलत उभी राहायची. अप्पा खाकरले की दोघं गप्प. डाव मांडताना मास्तर नजर चुकवायचे. आणि एका संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवत बायको सहज म्हणाली, "मास्तरांकडेच कसं हो एवढं धो धो पाणी? पंपबिंप लावलाय की काय?"

अप्पांनी कप खाली ठेवला. स्टीलचा पेला भिंतीला लावला आणि पेल्याला कान लावला. पलीकडून आवाज आला, घर्रर्र! मग शांतता. मग पुन्हा घर्रर्र!

पंपच! आपलं हक्काचं पाणी शेजारून ओढलं जात होतं, आणि ओढणारा कोण, तर मास्तर! अप्पांना खरोखर वाईट वाटलं. पंप सापडला तर खातं नळ तोडणार होतं. दवाखान्यातलं ते बाकडं डोळ्यांसमोर आलं. ते डोळ्यांसमोर असतानाच त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि खात्याला फोन लावला.

"टेलरमास्तरांनी लाइनला चोरून पंप बसवलाय. मी एक जागरूक नागरिक बोलतोय. नाव सांगणार नाही."

"बरं, अप्पा."

"अप्पा? कोण अप्पा?"

"मीटर नुसत्या हवेवर पळतं का, हे विचारायला रोज फोन करता ते तुम्हीच ना? आवाज पाठ झालाय. आज सर्दी झालीय वाटतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टर हजर झाला. मास्तरांच्या घरात पंप सोडा, पंपाचा स्क्रूही निघाला नाही. भिंतीला चिकटून फक्त मोटरवर चालणारं शिलाई मशीन उभं होतं, तेही रिकामं.

"आता तुमचं मीटर," इन्स्पेक्टर अप्पांकडे वळला. "पंपाची तक्रार आली की दोन्हीकडे बघावं लागतं. पेटी उघडा."

"नाही उघडली तर?"

"तर पंप तिच्यातच आहे असं मी समजेन."

अप्पांनी जड हातांनी गळ्यातली किल्ली काढली. इन्स्पेक्टरने मीटरची जाळी सोडवून बाहेर काढली. ती माती आणि बारीक खडीने गच्च भरली होती.

"पहिल्या दिवशी नळ सोडले नव्हतेत वाटतं?"

बायको आकाशाकडे बघू लागली. इन्स्पेक्टरने जाळी धुऊन बसवली, कॉक उघडला आणि तो निघून गेला. दुसऱ्याच क्षणी घरातून मोठा आवाज आला. सकाळी उघडे सोडलेले सगळे नळ एकदम सुटले होते! अप्पा धावले, स्वयंपाकघराच्या दारात घसरले आणि फतकल मारून पाण्यात बसले. मास्तरांनी पळत येऊन नळ बंद केले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि फडक्याने पाणी टिपायला सुरुवात केली.

अप्पांना भडभडून आलं. "मास्तर, मला माफ करा. ती तक्रार..."

"ठाऊक आहे."

"कसं काय?"

उत्तर बायकोने दिलं. "आपल्या जाळीसाठी तुम्ही जन्मात माणूस बोलावला नसता. दुसऱ्याची चोरी पकडायला मात्र लगेच बोलावणार. म्हणून मीच मास्तरांना म्हटलं, मशीन भिंतीला लावा आणि नुसती मोटर चालवत बसा."

अप्पांनी पाण्यात बसल्या बसल्या मांडीवर थाप मारली. "म्हणजे तुमचं दोघांचं काहीतरी शिजतंय, हा माझा संशय खरा होता तर!"

"अगदी खरा," मास्तर फडकं पिळत म्हणाले. "फक्त एका गोष्टीवर आमचं जुळेना. वहिनी म्हणत होत्या, मित्राची तक्रार करायला ह्यांचा हात धजावणार नाही, निदान आठवडाभर तरी तळमळतील. मी म्हटलं, चहा निवायच्या आत फोन करतील. मग पैज लागली."

अप्पांचा हात मांडीवरच राहिला. "मग?" त्यांनी खाली बघतच विचारलं.

"जिंकलो," मास्तर म्हणाले. "जिंकायचं नव्हतं हो मला. पण जिंकलो."

मग बायकोने मास्तरांच्या हातातलं फडकं घेऊन अप्पांच्या मांडीवर ठेवलं.

"आता उठा," ती म्हणाली. "सगळं पुसून झालंय. तुम्ही बसलाय तेवढंच राहिलंय."