रिकाम्या चौकटीचं तत्त्वज्ञान

माझ्या हातून चुका होत नाहीत! बायकोने वेळोवेळी दाखवून दिलेल्या घरगुती चुका सोडा, मी कामाबद्दल बोलतोय. गेली सहा वर्षं दर रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या वेबकॉमिकचा नवा भाग येतो, आणि सहा वर्षांत अकराचे कधी अकरा-पाच झालेले नाहीत. त्यामुळे आमच्या वाचनालयाने ‘गोष्ट कशी सांगावी’ या विषयावर व्याख्यानाला बोलावलं, तेव्हा मला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. इतकी वर्षं हे लोक काय करत होते, एवढाच प्रश्न पडला.

‘हरवले-सापडले’ हे आमच्या कॉमिकचं नाव. बसस्थानकावर हरवलेल्या वस्तूंची एक खिडकी असते. तिथे एक बाई बसते, आणि दर आठवड्याला कुणीतरी काहीतरी शोधत तिच्याकडे येतं. गोष्ट मी लिहितो. चित्रं माझी ताई काढते. आणि पात्रांच्या तोंडाजवळ जे बोलण्याचे फुगे असतात, त्यांत अक्षरं भरतात दाजी, म्हणजे ताईचे यजमान.

दाजींबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांनी नोंदणी कार्यालयात पस्तीस वर्षं जुन्या दस्तांच्या नकला केल्या. मूळ कागदावर ‘विहीर’च्या जागी ‘विहीण’ लिहिलेलं असेल, तर दाजींच्या नकलेतही विहीणच येणार, आणि तिच्यावरचा पाण्याचा हक्क दोन भावांत निम्मा-निम्मा वाटला जाणार! निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने आमच्या फुग्यांचं काम घेतलं. पहिल्याच महिन्यात मला वाटलं की त्यांनी एक शब्द बदललाय. मी जरा आवाज चढवून म्हणालो, “दाजी, माझं एक अक्षरसुद्धा बदलायचं नाही!” ते शांतपणे म्हणाले, “मी बदलत नसतो.” आणि खरंच, चूक माझीच निघाली.

माझी लिहायची पद्धत साधी आहे. पानाचे दोन रकाने करतो. डावीकडे संवाद, उजवीकडे माझ्या स्वतःपुरत्या नोंदी. चित्रात काय हवं ते ताईला फोनवर सांगतो. दाजींना पाठवताना उजवा रकाना उडवतो, म्हणजे त्यांच्याकडे फक्त संवाद जातात. त्या नोंदी आजवर कुणीही पाहिलेल्या नाहीत. कुणी पाहाव्यात अशा त्या नाहीतच.

आता मूळ मुद्दा. ताईची खरी ताकद म्हणजे गर्दी. आमचे वडील छापखान्यात होते. ते कापून उरलेल्या कागदांच्या पट्ट्या घरी आणायचे, आणि जेवणं उरकली की आम्ही दोघं फरशीवर पालथे पडून त्यांवर गोष्टी करायचो. मी सहा वर्षांचा, ताई अकराची. मी तोंडाने सांगायचो, ती काढायची. एकदा मी नुसतं म्हणालो, “मग खूप लोक आले.” ताई दोन दिवस त्या पट्टीवरून उठली नाही. एकशे बारा माणसं! एकाचा बूट हरवलेला, एक जांभई देतोय, एक बाई भांडता भांडता मध्येच केस बांधतेय. पुढचा महिनाभर मी रोज दुपारी ती पट्टी घेऊन बसायचो आणि रोज त्यात मला एक नवीन माणूस सापडायचा. मग प्रत्येकाच्या तोंडी वाक्य मी घालायचो. सुख म्हणजे काय, असं आजही कुणी विचारलं तर मला ती थंडगार फरशी आणि ती पट्टी आठवते. तेवढं सुख पुढे कशातच मिळालं नाही, हे अगदी मनापासून सांगतो.

तीन वर्षांपूर्वी ताईचं मनगट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हाताला आराम द्या. ताई म्हणाली, डॉक्टरांनी आपल्या तोंडाला द्यावा. ताईला कुणी दया दाखवलेली चालत नाही. लहानपणी पाय मोडला तेव्हा शेजारच्या काकूंनी “अरेरे, बिचारी” म्हटलं, तर ही प्लास्टरसकट उठून त्यांच्या घरातून स्वतःची उसनी दिलेली वही परत घेऊन आली होती! तेव्हा हिला सरळ ‘गर्दी काढू नकोस’ म्हटलं असतं, तर हिने पेनच खाली ठेवलं असतं, कायमचं. आणि ताई नसेल तर मी कोण? फोनवर एकटाच बडबडणारा एक टकला माणूस.

म्हणून मी गुपचूप गोष्टीतली माणसं कमी करत गेलो. स्थानकावर शंभर प्रवासी असायचे, ते पन्नास झाले. पन्नासचे दहा झाले. मग नुसती खिडकी, बाई, आणि समोर एक रिकामं बाक. ताईने विचारलं, “टिल्ल्या, लोक कुठे गेले रे सगळे?” (मी एक्कावन्न वर्षांचा आहे, पण ताईसाठी टिल्ल्याच.) मी घसा खाकरून म्हणालो, “ताई, रिकामी चौकट जास्त बोलते.”

वाक्य तिथल्या तिथे सुचलं होतं. पण एका समीक्षकाने त्यावर चक्क सोळा पानांचा लेख लिहिला! आधुनिक माणसाचं एकाकीपण, शून्याचं सौंदर्य, असं काय काय. इतकं चांगलं कुणी बोललं की आपलाही विश्वास बसायला लागतो. मी मुलाखतींतून रिकाम्या चौकटीवर बोलू लागलो. वाचनालयाचं बोलावणंही त्याचमुळे आलेलं होतं.

त्या आठवड्यात मी व्याख्यानाच्या तयारीत आकंठ बुडालेलो. भाग नेहमीचा नव्हता, तीनशेवा होता! पहिल्या भागापासून खिडकीत पडून राहिलेल्या ट्रंकेचा मालक अखेर येणार होता. गुरुवारी घाईघाईत मी एक रकाना उडवला आणि उरलेला दाजींना पाठवला. एरवी प्रसिद्ध होण्याआधी एकदा नजर टाकतो. या वेळी टाकली नाही. रविवारी नवा सदरा घालून थेट सभागृहात पोहोचलो.

साठ-सत्तर माणसं होती. मी रंगात आलो. “मित्रहो,” मी म्हणालो, “नवा लेखक चौकट भरत बसतो. जाणता लेखक ती रिकामी करतो! आणि दुसरं, मी शेवट ठरल्याशिवाय पहिलं वाक्य लिहीत नाही. त्या ट्रंकेचा मालक कोण, हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे!”

टाळ्या पडल्या. तेवढ्यात अकरा वाजले आणि चार-पाच फोन वाजले. वाचक आमचे निष्ठावान, व्याख्यानातसुद्धा नवा भाग उघडून बसले. मलाही बरं वाटलं. मग मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग मधल्या रांगेत. मी बोलत होतो एकाकीपणावर, आणि लोक तोंडावर रुमाल धरून हलत होते! पहिल्या रांगेतल्या एक चष्मेवाल्या बाई, बहुधा शिक्षिका असाव्यात, त्यांनी हात वर केला.

“सर, एक शंका आहे. या भागात ट्रंकेचा मालक खिडकीशी येतो आणि म्हणतो, ‘मी कोण हे अजून ठरलेलं नाही. आणखी तीन भाग ताणता येईल.’ याचा अर्थ काय?”

मी हातातली टिपणं खाली ठेवली. “काय म्हणतो?”

“आणि खिडकीतली बाई त्याला म्हणते, ‘इथे काहीतरी जबरदस्त वाक्य. सुचलं की टाकू.’”

सभागृह फुटलं. हसून हसून एका आजोबांची कवळी सैल झाली! “हा... प्रयोग आहे,” मी म्हणालो. “लेखक स्वतःच पात्रांच्या तोंडून...” एक-दोघांनी माना डोलावल्यासुद्धा. निभावलं असतं हो! पण बाई पुढे वाचू लागल्या.

“पाचवी चौकट रिकामी आहे, सर. नुसतं बाक. आणि बाकावर एक मोठा फुगा. ‘इथे स्थानक भरून गर्दी हवी होती. काढून टाकली. ताईचं मनगट. तिने विचारलं तर नेहमीचं सांगायचं: रिकामी चौकट जास्त बोलते. तिला कळता कामा नये.’”

या वेळी कुणी हसलं नाही. तेच जास्त वाईट होतं. मी “क्षमस्व” म्हणालो आणि पाण्याचा ग्लास पाडून बाहेर पळालो.

पायऱ्यांवरूनच दाजींना फोन लावला. “दाजी! काय केलंत हे!”

“का? शाई पुसट झाली का?”

“शाई कसली, कॉम्प्युटरवर! दाजी, मी चुकून नोंदींचा रकाना पाठवला, आणि तुम्ही तोच भरलात! बाक कुठे बोलतं का?”

“मला वाटलं, तुमच्यात बोलत असेल,” दाजी म्हणाले. “नक्कल करणाऱ्याने अर्थ बघायचा नसतो.”

“ताईने वाचलं?”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग दाजी हळूच म्हणाले, “तिसऱ्यांदा वाचतेय. तू ये.”

ताईचं घर तिथून दहा मिनिटांवर. मी ती दहा मिनिटं कशी चाललो ते माझं मला माहीत. सबंध आयुष्य डोळ्यांपुढून गेलं, आणि त्या सगळ्या आयुष्यात ताई पालथी पडून चित्र काढत होती. आज ती पेन खाली ठेवणार, आणि ते माझ्या एका घाईपायी!

दार दाजींनी उघडलं आणि ते लगेच स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले. ताई टेबलाशी बसलेली. फोन पुढ्यात.

“बस,” ती म्हणाली. “तीन वर्षं?”

“ताई, अगं...”

“तीन वर्षं तू माझ्यावर दया करत होतास?”

“दया नाही गं! मला वाटलं, तू सोडून देशील. मला तेवढीच भीती होती. तू नसलीस तर मला गोष्ट सांगताच येत नाही. कधी आलीच नाही.”

एक्कावन्नाव्या वर्षी बहिणीपुढे रडणं शोभत नाही, पण रडलो. ताई मात्र माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती. रागावल्यासारखी नव्हे. चोरी पकडली गेल्यासारखी!

“टिल्ल्या,” ती म्हणाली, “माझा हात दोन वर्षांपूर्वीच बरा झालाय.”

“काय?”

तिने टेबलाचा खण ओढला. आत वह्याच वह्या. मी एक उघडली. गर्दी! बाजार, फलाट, शाळेचं पटांगण, एका पानावर दोनशे-दोनशे माणसं. एक छत्री उलटी धरून उभा, एक बाळाला खांद्यावर घेऊन स्वतःच झोपलेला, एक म्हातारी सगळ्यांना ढकलत पुढे चाललेली. मला परत सहा वर्षांचं झाल्यासारखं वाटलं. मी पानं उलटतच राहिलो.

“मग सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगणार?” ताई खाली बघून म्हणाली. “तू माणसं कमी करत चाललास. मला वाटलं, तुला सुचेनासं झालंय. पूर्वी शंभर माणसांच्या शंभर कुरबुरी लिहायचास. यांना म्हटलं, आटला हो माझा भाऊ. त्याला कळू द्यायचं नाही. तो म्हणेल ते रिकामं बाक मी काढत राहीन. शंभर बाकं काढली मी टिल्ल्या, तुझ्यासाठी! बाकाइतकं कंटाळवाणं दुसरं काही नसतं जगात.”

“आणि तो समीक्षक?”

“त्याला कधी बाक काढायला लागलं नाही.”

मग आम्ही दोघंही जे हसायला लागलो, ते दाजी चहा घेऊन आले तरी थांबेना. दाजींनी कप ठेवले आणि विचारलं, “म्हणजे पुढच्या भागात माणसं आहेत ना?”

आहेत! ताईने दोन दिवसांत तीनशे एकावा भाग काढून पाठवला. एकच लांबलचक चौकट, सबंध स्थानक, दोनशे बारा माणसं, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी एक रिकामा फुगा. मी आनंदाने हात चोळत बसलो. पहिल्या दुपारी नऊ फुगे भरले. दुसऱ्या दुपारी त्यातले चार खोडले. तिसऱ्या दिवशी नुसता बघत बसलो. कुणाला सांगू नका, पण ताईचा माझ्याबद्दलचा अंदाज अगदीच काही चुकीचा नव्हता.

शेवटी काल तिला फोन केला आणि कण्हत म्हणालो, “ताई, माझं मनगट फार दुखतंय गं. लिहवत नाही.”

“असू दे,” ताई म्हणाली. “तू तोंडाने सांग. हे लिहून घेतील.”

आत्ता दाजी माझ्यासमोर वही उघडून बसलेत. मघाशी मी नुसता खोकलो, तर तेही त्यांनी उतरवून घेतलं.