मल्लव्वाच्या मळईतले चोर

आपल्या वाफ्यात यंदा चोरी झाली नाही म्हणून डोळ्याला पदर लावणारी बाई तुम्ही पाहिलीय का? मी पाहिलीय. ती मल्लव्वा, नळदुर्गातली आमची शेजारीण.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. पावसाळा सरला की बोरी नदीचं पाणी आत आत सरायचं आणि काठाला काळी, मऊ मळई उघडी पडायची. दोरी धरून तिचे वाफे पाडायचे, चावडीवर चिठ्ठ्या टाकून घराघराला द्यायचे. उन्हाळ्यापर्यंत भाजी पिकवा, खा, वाळवा. पुढच्या पावसात नदी आपलं आपण परत घेणार. पहिल्याच वर्षी आमचा वाफा मल्लव्वाच्या वाफ्याला लागून आला. सासूबाई म्हणाल्या, "नशीब काढलंस. आता शिकशील."

काय शिकशील, ते काही सांगितलं नाही.

मल्लव्वा तेव्हा पन्नाशीची असेल. काळी, काटक, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. नवरा कधीचाच गेलेला. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. मी आपली पदर सावरून गेले आणि अदबीनं म्हणाले, "मल्लव्वा, मूठभर दोडक्याचं बी द्या की."

इंगळी चावल्यागत उठली बाई!

"मागतीस? तोंडानं मागतीस? यव्वा, मागितलेलं बी रुसतं गं! उगवलं तरी टिकत न्हाय. बी चोरावं लागतंय!"

मग तिनं राखेत घोळलेल्या बियांचं गाडगं बांधावर ठेवलं, माझ्याकडं पाठ केली आणि साऱ्या नदीला ऐकू जाईल असं ओरडली, "म्या चालले पाय धुवाय. लई येळ लागंल मला!"

मी तशीच उभी. माहेरी आम्हाला पडलेलं बोरसुद्धा विचारून उचलायची शिकवण. थोड्या वेळानं पाण्याकडून हाक आली, "झालं का न्हाय? किती धुवू? कातडं निघालं की पायाचं!"

मी घाईनं चिमूटभर उचललं. ती आली, गाडग्यात डोकावली आणि तिचं तोंडच उतरलं. "ही चोरी म्हनायची? चिमणीसुद्धा ह्याच्याहून जास्त नेती. जा, पुन्यांदा कर." दुसऱ्या खेपेला मूठ भरली, तेव्हा कुठं खूश झाली. कमरेवर हात ठेवून तिनं मला झोडपायला सुरुवात केली, "कळ्ळी! कळ्ळी गं, कळ्ळी!" म्हणजे कानडीत चोरटी. शिव्या दिल्याशिवाय चोरी पुरी होत नाही, असा तिचा कायदा.

हा कायदा ती स्वतःही पाळायची. अणदूरला खंडोबाच्या जत्रेला गेली की देवाचं दर्शन एखादवेळी राहून जायचं, पण अंबाड्यात खोचून कुणाच्या तरी मिरचीचं बी यायचंच यायचं. एका साली सगळ्यांकडं आपापलं बी होतं, तिच्या वाफ्याकडं कुणी फिरकलंच नाही. तेव्हाच तो पदर डोळ्याला गेला. "माझं बी कुणाला नकोसं झालं गं," म्हणत दोन दिवस जेवली नाही. शेवटी सासूबाईंनी मला ढकलून चोरीला पाठवलं.

एकदा गावात नवा पोलीस जमादार आला होता. मल्लव्वाचा आरडाओरडा ऐकून वही काढून धावत आला.

"क्या चोरी हुआ, अम्मा?"

"वांग्याचं बी."

"कौन लेके गया?"

मल्लव्वानं सरळ माझ्याकडं बोट केलं. मी मूठ पाठीमागं लपवली.

"पकडूं इसकू?"

"पकडून तर बघ!" मल्लव्वा त्याच्या अंगावर गेली. "तीन सालं शिकवली तवा कुठं पोरगी नीट चोराय लागली. अन् हा आलाय पकडाय!"

जमादारानं वही मिटली. आठ दिवसांनी स्वारी पुन्हा हजर. "अम्मा, थोडा बैंगन का बी देव ना. मां मंगाई."

"मागतुयास? पोलीस असून मागतुयास?"

आणि मी या डोळ्यांनी पाहिलंय, जमादारसाहेब बूट हातात घेऊन चवड्यांवर वाफ्यात शिरले.

वाळवणाची तऱ्हा मात्र उलटी. उकडून वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, मीठ चोळलेल्या कारल्याच्या चकत्या, ताकातल्या मिरच्या, कोहळ्याचे सांडगे, हे सगळं ती स्वतः दारोदार नेऊन द्यायची. नको म्हटलं की भांडण. एकटा जीव, पण आढ्याला टांगलेली गाडगी बारा माणसांच्या घराला पुरतील. "एवढं कुणासाठी गं, मल्लव्वा?" असं सासूबाईंनी विचारलं, की म्हणायची, "ऊन फुकट जातंय की!"

मी हसायची. एकदा शेंगा निवडताना सासूबाईंनी सांगितलं, तेव्हापासून हसू जरा कमी झालं.

"तिला मूल न्हाय. बहिणीपुढं पदर पसरून तिची धाकटी पोर मागून आणली हुती. पाच सालं वाढवली. मग बहिणीची थोरली तापात गेली, तशी बहीण गाडी घेऊन आली अन् आपली पोर माघारी नेली. पोर गाडीतनं यव्वा यव्वा, आई आई करून वरडत हुती. मल्लव्वा उंबऱ्यात उभी. तवापासनं तिनं कुणाकडं चिमूटभर मीठबी मागितलं न्हाय."

पुढं निजामाच्या राज्याच्या शेवटाचं, लुटालुटीचं ते धामधुमीचं वर्ष आलं. घरं भराभर रिकामी होऊ लागली, गाड्या सोलापूरच्या वाटेनं सरहद्दीपार निघाल्या. आमचीही गाडी ठरली. माणसं पाच, वर भांडी, धान्य, अंथरूण. मल्लव्वाचं काय, हे रोज माझ्या ओठांवर यायचं. पण सुनेनं बोलायचं कसं? आणि आमचे हे म्हणायचे, "मुंगीला जागा न्हाय गाडीत." मल्लव्वाची आळी तर सगळी ओस पडली होती. दिवा लागायचा तो तिच्या एकटीच्या घरात.

निघायच्या दिवशी पहाटेच ती आली. वाटेत खायला वाळवणाची दोन गाठोडी दिली. दिली, पण हलेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत तशीच उभी.

"अजून काय गं?" सासूबाई म्हणाल्या.

"म्या मागाय आलेय."

 बैलाच्या मानेवर जू ठेवता ठेवता यांचा हात थांबला.

"मला न्या. मागं चालंन म्या गाडीच्या. बसाय नको मला."

हे गाडीकडं बघू लागले, मी सासूबाईंकडं. सासूबाई पुढं झाल्या. गाडीपाशी गेल्या, लग्नात माहेराहून आलेला त्यांचा तांब्याचा थोरला हंडा दोन्ही हातांनी उचलला आणि ओसरीत नेऊन ठेवला.

"ह्यो राहू दे हितंच," त्या म्हणाल्या. "चढ. पुढं बस, मागं हाडं खिळखिळी व्हतील."

वाटभर मल्लव्वा पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत होती.  सरहद्दीवरचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका मागं पडला, दिवस कलला, तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "मागून घेतलंय गं म्या. टिकंल का?"

 सासूबाईच मान न वळवता म्हणाल्या, "आता गुमान नीज जरा. उद्यापासनं सकाळचं पाणी तुझ्याकडं."

सतरा वर्षं भरलं तिनं.