मास्तरवर घेतलेला आळ

मला केकची फक्त कड सरळ करायची होती. खरंच सांगतो, त्यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं.

संध्याकाळी मेहुणी आणि साडू जेवायला येणार होते. बायकोने चॉकलेटचा केक करून टेबलावर निवायला ठेवला आणि ती शेजारणीकडे जास्तीच्या प्लेट आणायला गेली. (शेजारणीकडे गेल्यावर प्लेट हातात पडायला बराच वेळ लागतो, हे मला अनुभवाने माहीत आहे.) केकची एक बाजू किंचित वर आली होती. पाहुण्यांसमोर असा वाकडा केक ठेवायचा? मी सुरी घेतली आणि ती बाजू छाटली. छाटलेला तुकडा टाकून कसा द्यायचा, म्हणून खाल्ला. मग दुसरी बाजू उंच वाटायला लागली. ती छाटली, तर पहिली उंच. असं करत करत केक अगदी सपाट झाला. म्हणजे खालचं ताट दिसायला लागलं.

इथे सांगायला हवं की मला मधुमेह आहे. माझी साखर डॉक्टरांनी बंद केली, पण ती बंद ठेवायचं काम बायको करते. मागच्या रिपोर्टनंतर तिने डोळ्यांत पाणी आणून मला विचारलं होतं, "अहो, माझ्यासाठी एवढं कराल ना?" आणि मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं होतं. त्याच छातीवर आता चॉकलेटचा चुरा सांडला होता.

तेवढ्यात माझं लक्ष मास्तरकडे गेलं. मास्तर म्हणजे आमचा कुत्रा. त्याच्या भुवया पांढऱ्या आहेत आणि कॉपी करणाऱ्या पोराकडे बघावं तसा तो सगळ्यांकडे बघतो, म्हणून हे नाव. तो माझ्याकडे तसाच बघत होता. एकमेव साक्षीदार, आणि त्याला बोलता येत नाही. मी ठरवलं, केक मास्तरने खाल्ला.

मी विमा कंपनीत खोटे दावे पकडायचं काम करतो. नव्याने आलेल्यांना मीच शिकवतो की खोटारडा माणूस नेहमी पुरावा जास्त देतो, तिथेच पकडायचा. हे सगळं ज्ञान कोळून प्यायलेल्या मी ताट जमिनीवर उपडं ठेवलं, टेबलाजवळची खुर्ची पाडली, मास्तरच्या मिशांना थोडं चॉकलेट फासलं आणि वर पेपर उघडून बसलो.

बायको आली. तिने ताट पाहिलं, मग मास्तरच्या मिशा पाहिल्या.

"बघ ना," मी म्हणालो, "माझं जरा लक्ष नव्हतं, तेवढ्यात यानं..."

मला वाटलं, ती मास्तरला चार शब्द सुनावेल आणि दुकानातून दुसरा केक आणायला मला पाठवेल. पण तिच्या हातातल्या प्लेट धाडकन खाली पडल्या.

"चॉकलेट? अहो, कुत्र्यांना विष असतं ते! काढा गाडी!"

खरं बोलायला ही वेळ उत्तम होती. मी गाडी काढली.

प्राण्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी मास्तरला टेबलावर घेतलं आणि एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"कुठलं चॉकलेट?"

"काळं, कडू," बायको हुंदके देत म्हणाली. "आणि कोकोही होता."

"ते जास्त वाईट. मनुका?"

"मूठभर."

"अरे देवा. त्यानं मूत्रपिंडं जातात. आणि साखरेऐवजी घालतात ती शुगर-फ्री पूड तर नव्हती ना? तिच्यातल्या काही प्रकारांमुळे कुत्री दगावतात."

"नाही हो. साखरच. चांगली दोन वाट्या."

ते ऐकून डॉक्टरीणबाईंना जरा बरं वाटलं. मला मात्र जरा गरगरल्यासारखं झालं.

"सगळा केक खाल्ला असेल तर उलटीचं इंजेक्शन द्यायला हवं, मग सलाइन. रात्रभर इथेच राहू दे."

बायकोने मास्तरला मिठी मारली आणि ती रडायला लागली. मास्तर तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. ज्याने काही खाल्लं नाही त्याच्या अंगात सुई जाणार होती, तीही माझ्यामुळे. मला स्वतःची फार लाज वाटली. (एकदम सगळी कबुली देण्याइतकी नव्हे.)

"डॉक्टर," मी म्हणालो, "त्यानं सगळा नसेल खाल्ला."

"मग उरलेला कुठे गेला?" बायकोने विचारलं.

"एखादा तुकडा मीच चाखला असेन."

बायकोचे हुंदके थांबले. डॉक्टरीणबाई मात्र खूश झाल्या. "हे बरं सांगितलंत. तुम्ही जितका जास्त खाल्ला असेल, तितका हा वाचला. केवढा तुकडा?"

"पाव केक."

"तरी याला जास्तच होतो." त्यांनी सुई उचलली.

"अर्धा!" मी ओरडलो.

त्यांनी मास्तरच्या मानेवरचं कातडं चिमटीत धरलं. मास्तर बारीकसं कुंईं करून ओरडला.

"सगळा! सगळा मीच खाल्ला! मनुकांसकट! त्याच्या मिशांना मी लावलं!"

बाहेर बाकावर मांजर घेऊन बसलेल्या आजीबाईही वाकून बघायला लागल्या.

बायकोने डोळे पुसले, डॉक्टरीणबाईंच्या हातातल्या सुईकडे पाहिलं आणि अगदी थंड आवाजात विचारलं, "हे यांना देता येईल का?"

"माणसांना नाही देता येत."

"बघा ना, जमलं तर."

डॉक्टरीणबाईंनी मास्तरचं तोंड ओल्या कापसाने पुसलं, त्याला नीट तपासलं आणि सांगितलं, मिशांवरच्या एवढ्याशानं त्याला काही होऊ नये, तरी आज लक्ष ठेवा, उलटी झाली की लगेच आणा. मला त्यांनी माझ्या डॉक्टरांकडे आजच जायला सांगितलं. मग त्या बायकोला समजावायला लागल्या, "चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण, सगळं उंचावर ठेवत जा. तोंड पोचता कामा नये."

"उंचीचा काही उपयोग नाही, डॉक्टर," बायको म्हणाली. "हे स्टुलावर चढतात."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरची बरणी उघडली, शहाण्यासारखा बसला म्हणून मास्तरला एक बिस्किट दिलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं.