नाव सांग, बापाचं सांग

आमच्या स्कॅन सेंटरात पगार न घेता लोकांवर डाफरणारा एकच माणूस आहे, नाते गावचे तात्या. महाडला हृदयतपासणीचा सवलतीचा दिवस असला, की ते सकाळच्या एसटीने गावची माणसं घेऊन हजर. आधार कार्ड बघून नोंद मी काउंटरवर करतेच. पण स्कॅनच्या खोलीच्या दाराशी तात्यांची दुसरी चौकी. "नाव सांग. बापाचं सांग." एकदा पोलादपूरच्या एका निवृत्त हेडमास्तरांना त्यांनी कार्डावरच्या फोटोशी चेहरा जुळवायला टोपी काढायला लावली. मास्तर लालबुंद झाले. मीच मध्ये पडून त्यांना चहा पाजला.

या स्कॅनमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलंय का ते दिसतं. तात्या त्याला सरळ चुना म्हणतात, त्यामुळे तंबाखूवाले आधीच गळाठतात. मग "तो चुना नाय रे," असं समजावत तेच त्यांना हाताला धरून आत नेतात. गावात कुणाला चढणीवर दम लागल्याचं कानावर आलं, की त्याच्या ओटीवर जाऊन ठाण मांडतात. लोक वैतागतात, पण येतात.

स्वतः मात्र तात्या त्या टेबलावर कधी झोपले नाहीत. परवा एकजण आला नाही, जागा रिकामी राहिली. मी चेष्टेत म्हटलं, तात्या, आज तुम्ही नाव सांगा, बापाचं सांगा आणि चला आत.

ते बाकावर बसले आणि खाली बघत बोलू लागले.

त्यांचा धाकटा भाऊ बाळू एमआयडीसीत कंत्राटी कामाला होता. छातीत कळ यायची. कंत्राटदाराने पुन्हा कामावर घेण्याआधी दुसऱ्या एका सेंटरात हेच स्कॅन करून आणायला सांगितलं. दोष निघाला तर काम जाणार, म्हणून बाळू रडकुंडीला आला. दोघा भावांची चेहरेपट्टी एक. तात्या त्याचं कार्ड घेऊन गेले आणि त्याच्या नावाने झोपले. रिपोर्ट स्वच्छ आला. घरात कोंबडं कापलं. पुढे पुढे तर बाळूलाच तो रिपोर्ट आपला वाटायला लागला. कळ आली, तात्या डॉक्टरकडे चल म्हणाले, की रिपोर्टात काय नाय की, म्हणायचा. भातलावणीत, चिखलातच गेला.

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, तरी एकदा तुमचं बघून घेऊ या.

"माझं बघितलंय गो बाय," तात्या म्हणाले. "साफ हाय. कागदावर नाव तेवढं बाळूचं हाय."